चौथा हिस्सा : म्हातारपणाचा दवाखाना आणि त्याचा पैसा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेले)



वर्धापनदिन म्हटला की आपण मागे वळून बघतो. कोणी किती विटा दिल्या, कोणी श्रमदान केले, कोणी पोटाला चिमटा काढून वर्गणी दिली, याची आठवण काढतो. ती काढलीच पाहिजे. पण ज्यांनी हे सगळे केले ती माणसे आज कुठे आहेत? काही आपल्यातून निघून गेली. काही समोर खुर्चीवर बसली आहेत, कारण आता त्यांना सतरंजीवर बसता येत नाही. आणि काही आज इथे येऊच शकली नाहीत. ती घरात खाटेवर आहेत. आजचे आमचे बोलणे त्यांच्याविषयी आहे. विषय आहे म्हाताऱ्या माणसांचा सरकारी आरोग्य विमा आणि त्याला लागणारा पैसा.

कोणी म्हणेल, विहारात हा विमा-बिमाचा विषय कशाला? धम्मावर बोला. मंडळी, हा धम्माचाच विषय आहे. विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी होऊन आपल्याच घाणीत पडला होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. भगवंत आनंदाला घेऊन तिथे गेले, आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला बोलावून विचारले की याची सेवा का झाली नाही, आणि समजावून सांगितले की आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा आहे. जो उपयोगाचा राहिला नाही त्याचे काय करायचे, हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी संघापुढे आला होता. आज तो आपल्या घरापुढे आणि सरकारपुढे आहे.

सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहिले आणि गृहत्याग केला, ही परंपरेतली कथा बाबासाहेबांच्या बुद्धीला पटली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारपण, आजार, मरण पाहिलेच नव्हते असे कसे मानायचे, असे त्यांनी विचारले. बरोबरच आहे. म्हातारपण काही अचानक भेटत नाही. ते येणार हे सगळ्यांना ठाऊक असते. मग ठाऊक असून आपण तयारी का करत नाही, एवढाच प्रश्न उरतो.

आता हिशोब बघा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली. त्या वेळी जी मुले आईच्या कडेवर होती, ती आज सत्तरीच्या घरात आहेत. म्हणजे बौद्ध म्हणून वाढलेली आपली पहिली पिढी आता म्हातारी झाली. या पिढीने काय केले? घाटाखाली कपाशी वेचली, घाटावर ज्वारी-सोयाबीन काढले, रोजगार हमीवर दगड फोडले, वीटभट्ट्यांवर राबली, आणि पोरांना शाळेत घातले. सरकारी नोकरी लागली त्यांना पेन्शन आहे. पण बहुतेकांना नोकरी नव्हती, पेन्शन नाही, आणि शेत असेल तर एक-दोन एकर कोरडवाहू. त्यांची कमाई त्यांच्या लेकरांच्या शिक्षणात गेली. आजारपणासाठी बाजूला ठेवायला काही उरलेच नाही.

आमच्या वस्तीतल्या एका आजीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, तुम्ही ओळखालच. आजी अंगणात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. एक मुलगा पुण्याकडे कंपनीत, दुसरा इथेच हातमजुरी करतो. गावच्या आरोग्य केंद्रातून तालुक्याला, तिथून पुढे मोठ्या शहरात. योजनेच्या यादीत नाव असलेल्या एका खाजगी दवाखान्यात नेले. तिथे कार्ड मागितले. आजींचे कार्ड काढलेले नव्हते. का नव्हते? कार्ड काढायला गेल्या तेव्हा यंत्रावर अंगठा उमटला नाही. साठ वर्षे खुरपे धरलेल्या बोटांवर रेषा राहतात कुठे? दुसरे म्हणजे, आधार कार्डावर वय अंदाजे टाकलेले. जन्मतारीख एक जानेवारी, आणि वय खऱ्या वयापेक्षा सात-आठ वर्षांनी कमी. "माझा मोठा भाऊ दीक्षेच्या साली शाळेत जात होता आणि मी रांगत होते," असे त्या सांगत. पण हे यंत्राला कसे सांगायचे? कागद होईपर्यंत अनामत भरा, असे तिथे सांगण्यात आले. मुलाने सावकाराकडून पैसे घेतले. आजी आज काठीवर चालतात, पण ते कर्ज अजून घरात आहे.

या गोष्टीत दोन भाग आहेत. एक कागदाचा, तो आपण आपल्या हाताने सुधारू शकतो. दुसरा पैशाचा, म्हणजे दवाखाना कार्डापेक्षा रोख रक्कम का पसंत करतो, हा. तो समजून घेतल्याशिवाय आपण नुसते चिडत राहू.

आधी योजना काय आहेत ते थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांचा गोंधळ होतो.

आपल्या राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात बुलढाणा नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सगळ्या राज्यात लागू झाली, तेव्हा आपला नंबर लागला. पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नाव मिळाले. केंद्राने सप्टेंबर २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना आणली, कुटुंबाला वर्षाला पाच लाख. १ एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की फुले योजनेतही पाच लाख द्यायचे, आणि पांढऱ्या कार्डासह राज्यातील सर्व कुटुंबांना द्यायचे. २०२४ पासून त्याची अंमलबजावणी झाली.

आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राने सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, श्रीमंत असो की गरीब, आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू केले. उत्पन्नाची अट नाही. ज्या घराला आधीच पाच लाखांचे संरक्षण आहे, त्या घरातल्या सत्तरीपुढच्यांना वेगळे पाच लाख मिळतात, ते तरुणांबरोबर वाटून घ्यावे लागत नाहीत. मात्र घरात आजी-आजोबा दोघेही सत्तरीपुढचे असतील तर त्या दोघांत मिळून पाच लाख, प्रत्येकी नाही. जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात. हे चांगले आहे आणि चांगल्याला चांगले म्हटले पाहिजे.

आता पैशाकडे येऊ. विमा म्हणजे काय, हे आपल्या बायकांना कोणी शिकवायला नको. त्या बचत गट चालवतात, भिशी चालवतात. समजा आपल्या वस्तीत शंभर म्हातारी माणसे आहेत. वर्षात दहा जण दवाखान्यात भरती झाली आणि प्रत्येकाला तीस हजार लागले, तर झाले तीन लाख. हे तीन लाख शंभर म्हाताऱ्यांवर वाटले तर प्रत्येकाला तीन हजार पडतात. निराधारांचा पगार घेणाऱ्या आजीने ते आणायचे कुठून? पण त्यात नऊशे तरुण माणसे मिळवली आणि हजारांवर वाटले, तर माणशी तीनशे पडतात. तरुण आज कमी आजारी पडतो, तो जास्त भरतो आणि कमी घेतो. उद्या तो म्हातारा होईल तेव्हा त्या वेळचे तरुण त्याच्यासाठी भरतील. सगळ्या जगातल्या आरोग्य विम्याचे गणित एवढेच आहे.

नुसत्या म्हाताऱ्यांचा वेगळा विमा काढला की हे गणित बिघडते. म्हणून खाजगी कंपन्या वय वाढले की हप्ता वाढवतात. पूर्वी पासष्टीनंतर नवी पॉलिसीच देत नसत. विमा नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२४ पासून ही वयाची अट काढायला लावली. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता परवानगीशिवाय वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा नाही असे बंधन घातले. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटीही गेला. तरीसुद्धा हप्ता हजारांत जातो. आपल्या माणसाला तो झेपणारा नाही. म्हणून आपल्यासाठी सरकारी विमा हाच विमा आहे, आणि त्याचा पैसा कुठून येतो हे आपल्याला माहीत पाहिजे.

तो येतो करातून. केंद्राच्या योजनेत शंभर रुपयांतले साठ केंद्र देते, चाळीस राज्य देते. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांसाठी हे प्रमाण नव्वद-दहा आहे. २०१८ साली केंद्राने महाराष्ट्रातली जी कुटुंबे धरली, ती २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेच्या यादीतली सुमारे ८३ लाख होती. राज्यातली कुटुंबे त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे सर्वांना योजना लागू केली तेव्हा केंद्राच्या यादीबाहेरच्या कुटुंबांचा भार राज्याच्या तिजोरीवर आला. त्याच तिजोरीतून रस्ते, शाळा, शेतकऱ्यांची मदत, निराधारांचे अनुदान, सगळेच जाते.

सत्तरीपुढच्यांच्या योजनेला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. साडेचार कोटी कुटुंबांतली सहा कोटी माणसे, आणि सुरुवातीची तरतूद ३,४३७ कोटी रुपये. आकडा मोठा वाटतो. पण भागाकार करून बघा. माणशी पावणेसहाशे रुपयांच्या आतच बसतो. विमा असल्यामुळे सगळे एकाच वर्षी आजारी पडत नाहीत हे खरे. मागणी वाढली तर पैसा वाढवू असेही सरकारने सांगितले. संपूर्ण आयुष्मान योजनेसाठी केंद्राची तरतूद २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात ७,३०० कोटी होती, ती २०२५-२६ साठी ९,४०६ कोटी केली. वाढ झाली आहे. पण ज्या वयात दवाखाना सर्वांत जास्त लागतो त्याच वयाची माणसे आत घेतली आहेत, आणि ती संख्या दरवर्षी वाढत जाणार आहे. २०११ च्या जनगणनेत देशात शंभरातली साडेआठ माणसे साठीपुढची होती. २०३६ पर्यंत ती शंभरात पंधराच्या आसपास जातील असा सरकारी तज्ज्ञगटाचा अंदाज आहे. भरणारे हात त्या प्रमाणात वाढणार नाहीत.

पैसा अपुरा पडला की काय होते? योजना बंद होत नाही. कार्डही रद्द होत नाही. होते असे की दवाखान्याला मिळणारा दर कमी ठेवला जातो, आणि तो दरही वेळेवर मिळत नाही. मग दवाखाना सांगतो, या आजाराची खाट शिल्लक नाही, पुढच्या महिन्यात या. किंवा सांगतो, ही वस्तू योजनेत बसत नाही, बाहेरून आणा. ऑगस्ट २०२५ मध्ये हरयाणात थकलेल्या बिलांसाठी शेकडो खाजगी दवाखान्यांनी आयुष्मानचे रुग्ण घेणे थांबवले होते. कार्ड लोकांच्या खिशात होते, पण दार बंद झाले. आपल्या आजीला रोख अनामत मागितली त्याचे मूळ इथे आहे. दवाखान्याची ती वागणूक आम्हाला मान्य नाही, योजनेच्या नियमात ती बसत नाही. पण उधारी किती दिवस राहील हे ज्याला ठाऊक नाही, तो दुकानदार उधार द्यायला कुरकुर करतो, हेही आपण जाणतो.

दुसरे, गळती. देशाच्या महालेखापालांनी २०२३ साली या योजनेचा अहवाल संसदेपुढे ठेवला. त्यात एकाच मोबाईल नंबरवर साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी जोडलेले आढळले. मरण पावले म्हणून ज्यांची नोंद झाली होती त्यांच्या नावावर पुढे उपचार दाखवल्याचीही प्रकरणे निघाली. खोट्या बिलात गेलेला प्रत्येक रुपया खऱ्या आजाऱ्याच्या ताटातला आहे. म्हणून आम्ही इथे स्पष्ट सांगतो, कोणी एजंट तुमचे कार्ड मागून, पाचशे-हजार रुपये हातावर टेकवून, आजार नसताना भरती व्हा म्हणाला, तर त्याला दारातून परत पाठवा. अदिन्नादान फक्त शेजाऱ्याच्या घरातले उचलले तरच होते असे नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. हा विमा भरती झालेल्या माणसासाठी आहे. म्हाताऱ्या माणसाचा खर्च मात्र भरती झाल्यावरच होतो असे नाही. रोजची बीपीची गोळी, शुगरची गोळी, दम्याचा पंप, डोळ्यांचा चष्मा, कवळी, गुडघ्याचे दुखणे, हे महिन्याच्या महिन्याला खिशातून जाते. देशाच्या आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ साली शंभरात चौसष्ट रुपये होता, तो २०२१-२२ साली एकोणचाळीसवर आला, असे सरकारी आरोग्य लेखे सांगतात. उतरला हे चांगले, पण एकोणचाळीस काही थोडे नाहीत. आणि ज्याने गोळीचे पैसे वाचवले त्याला पुढे अर्धांगवायू होतो, किडनी जाते. मग तोच माणूस लाखाच्या उपचारासाठी योजनेत येतो. गोळी न दिल्याची किंमत योजना नंतर भरते. म्हणून विम्याची तिजोरी वाचवायची असेल तर गावचे उपकेंद्र आणि आरोग्य केंद्र चालले पाहिजे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. पण तिथे गोळ्या असल्या पाहिजेत आणि द्यायला माणूस असला पाहिजे.

चौथी गोष्ट आपल्या जिल्ह्याची. तेरा तालुक्यांचा हा जिल्हा. वर सातपुड्याच्या पायथ्याला जळगाव जामोद, संग्रामपूर, आणि खाली लोणार, सिंदखेड राजा. मोठा आजार झाला की घाटाखालची माणसे अकोल्याला धावतात, सिंदखेड राजा-देऊळगाव राजाकडची जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर होऊन सुरू झाले, शंभर जागांचे. त्याला पूर्ण रूप यायला वेळ लागेल. पण ते पूर्ण ताकदीने उभे राहणे ही आपल्या म्हाताऱ्यांसाठी विम्याइतकीच मोठी गोष्ट आहे. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी ऑगस्ट २०२२ पासून फुकट आहे. पण सोबत जाणाऱ्या पोराची मजुरी बुडते, त्याचे खाणे, राहणे, याला कोणतेच कार्ड नाही.

मंडळी, या सगळ्यात बाबासाहेब कुठे आहेत? अगदी मध्यभागी आहेत. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच खात्याच्या काळात प्राध्यापक बी. पी. अडारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम मिळाले. १९४४ साली त्यांनी अहवाल दिला. त्याच पायावर पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. ती योजना आजही चालू आहे. तिचा पैसा कुठून येतो बघा. मालक पगाराच्या सव्वातीन टक्के भरतो, कामगार पाऊण टक्का भरतो. दरमहा, ठरलेला. अर्थमंत्र्यांच्या मर्जीवर तो कमी-जास्त होत नाही.

आणि १९४७ साली बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये याच्याही पुढची मांडणी केली. विमा धंदा पूर्णपणे राज्याच्या मालकीचा असावा, आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा घ्यावा अशी सक्ती असावी, असे त्यांनी सुचवले. मिळकतीच्या प्रमाणात, हे शब्द लक्षात घ्या. ज्याला जास्त मिळते त्याने जास्त भरायचे.

कामगार विमा कारखान्याच्या फाटकापर्यंत आला. आमचे आईबाप शेतात होते, ते बाहेर राहिले. ते आत आले थेट या अलीकडच्या योजनांनी. पण आले ते ठरलेल्या वर्गणीवर नव्हे, दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर. इथे अडचण आहे. संविधानाच्या एकेचाळिसाव्या कलमात राज्याने बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता यांत लोकांना साहाय्याचा हक्क मिळवून द्यावा असे सांगितले आहे. मात्र त्यात एक अट आहे, राज्याच्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत. ती ऐपत कोण ठरवणार? ती वाढवायची जबाबदारी कोणाची? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटले होते की २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्य खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करू. २०२१-२२ साली तो दोन टक्क्यांच्याही आत होता. ऐपत नाही असे म्हणण्यापूर्वी दिलेला शब्द पाळला का, हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे.

पैशाची ओढाताण आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेत पासष्टीपुढच्यांसाठी १९६५ सालापासून मेडिकेअर आहे, पगारातून ठरावीक कपात होते. तरी तिच्या विश्वस्तांनी २०२५ च्या अहवालात सांगितले की रुग्णालयांचा निधी २०३३ पर्यंतच पूर्ण पुरेल. जपानने २००८ पासून पंचाहत्तरीपुढच्यांची वेगळी व्यवस्था केली. साधारण निम्मा खर्च सरकार देते, चाळीस टक्क्यांच्या आसपास तरुणांच्या वर्गणीतून येतो, दहा टक्के म्हातारे स्वतः भरतात. श्रीमंत देशांनाही हे जड जाते. फरक एवढाच की तिथे दरवर्षी हिशोब लोकांपुढे मांडला जातो आणि कोणी किती भरायचे यावर उघड चर्चा होते.

आपल्याकडे प्राप्तिकरावर चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर २०१८ पासून घेतात. त्यातल्या आरोग्याच्या वाट्यासाठी २०२१ साली प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा निधी काढला. वर्षअखेरीस न खर्चलेली रक्कम त्यात बुडत नाही, आणि आयुष्मान योजनाही त्यात बसते. म्हणजे ठरलेल्या, बाजूला ठेवलेल्या पैशाची वाट आहे. ती रुंद व्हावी, ज्येष्ठांच्या उपचारासाठी त्यातला ठरावीक भाग राखून ठेवावा, दवाखान्यांची बिले मुदतीत द्यावीत आणि जिल्हावार हिशोब लोकांसमोर यावा, अशी मागणी आपण केली पाहिजे. आपल्या जिल्ह्याचे खासदार प्रतापराव जाधव जून २०२४ मध्ये केंद्रात आरोग्य राज्यमंत्री झाले. या प्रश्नावर निवेदन द्यायचे तर वाट आपल्याच जिल्ह्यातून जाते. सही कोणत्या पक्षाची असावी हा प्रश्न इथे नाही. निवेदनावर सही आजीच्या अंगठ्याची असावी.

आता आपण काय करायचे ते बोलतो आणि थांबतो. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी तरुण सिगालाला गृहस्थाचा धर्म सांगितला. सिगाल सकाळी ओल्या अंगाने सहा दिशांना नमस्कार करत होता. भगवंत म्हणाले, पूर्व दिशा म्हणजे आईबाप, त्यांचे पालन कर. आणि कमाईचे चार हिस्से करायला सांगितले. एक खर्चाला, दोन धंद्याला, आणि चौथा हिस्सा अडचणीच्या दिवसासाठी राखून ठेवायचा. हा चौथा हिस्सा म्हणजेच विमा. सरकारने देशाचा चौथा हिस्सा राखावा हे आपण मागतो. मग विहाराचा चौथा हिस्सा कुठे आहे?

आमच्या मनात असे आहे. पहिले, येत्या पौर्णिमेपासून विहारात ज्येष्ठांची वही ठेवायची. वस्तीतल्या साठीपुढच्या प्रत्येकाचे नाव, आधारवरचे वय, खरे वय, कार्ड आहे की नाही, औषध कोणते चालू आहे. दुसरे, आपली कॉलेजची मुले-मुली मोबाईल घेऊन घरोघर जातील. अंगठा उमटत नसेल तर चेहऱ्यावरून किंवा डोळ्यांवरून ओळख पटवता येते, मोबाईलवर येणाऱ्या आकड्यानेही होते. आधारवरचे वय चुकले असेल तर जुना शाळेचा दाखला, असेल तो कागद शोधून ते आधी दुरुस्त करायचे. आजार यायची वाट बघायची नाही. तिसरे, दवाखान्यात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला गाठायचे. पैसे मागितले तर पावती मागायची आणि तक्रार करायची. केंद्राचा क्रमांक १४५५५, राज्याचा १५५३८८. हे दोन आकडे आज घरी जाऊन भिंतीवर खडूने लिहा. चौथे, विहाराच्या दानपेटीतला ठरावीक भाग सोबत जाणाऱ्याच्या खर्चासाठी ठेवायचा. मोठा उपचार आपल्या वर्गणीने होणार नाही, तो सरकारनेच केला पाहिजे, ते काम आपण अंगावर घेऊन सरकारला मोकळे करायचे नाही. पण रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेल्या पोराला जेवण आणि परतीचे भाडे एवढे तर आपण देऊ शकतो.

शेवटी एकच. भाषणापूर्वी आम्ही त्या आजीला भेटून आलो. विचारले, तुमची गोष्ट सांगू का? त्या म्हणाल्या, "सांगा ना बाबू. पण माझं कर्ज सांगून फायदा काय, पुढचीचं कार्ड काढून द्या." आज त्या आल्या आहेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या आहेत. कार्यक्रम संपल्यावर वहीतले पहिले नाव त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईचे लिहू. त्यांचेही वय आधारवर चुकलेलेच आहे.

 जयभीम! नमो बुद्धाय!